न जन्मलेल्या देशाची नोट

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे. किंमत पन्नास. पन्नास काय, ते मात्र विचारू नका, कारण ते ठरायचंच राहून गेलं. ज्या देशासाठी मला छापलं, तो देश अजून जन्मालाच आलेला नाही. मला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मला कोणी चुरगळलं नाही, खिशात कोंबलं नाही, उजेडात धरून खरी की खोटी पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, मग मजा आहे की तुझी! अहो, कसली मजा? नोटेचा जन्मच मुळी फिरण्यासाठी. मी मात्र टेक्सासातल्या फ्रिस्को गावात एका भिंतीवर काचेमागे बसून आहे, आणि या घरी येणारी माणसं माझ्यासमोरून जाताना जरा लगबगीने जातात.

का, ते सांगते. घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरून घ्या.

दूर समुद्रात तालोमा नावाची बेटं आहेत, एका मोठ्या देशाच्या ताब्यात. आपण वेगळं व्हावं का, यावर तिथे घरोघरी वाद चालतात. झेंडा ठरला, राष्ट्रगीत ठरलं, आणि पैशांपाशी येऊन गाडी अडली. उद्या वेगळे झालो तर म्हाताऱ्यांची पेन्शन कोणत्या नोटांत मिळणार? घराचं कर्ज कोणत्या नोटांत फेडायचं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मत द्यायला कोणी तयार होईना.

मला घडवणारी आसावरी मूळची नागपूरची. परदेशांच्या नोटा छापणाऱ्या डॅलसजवळच्या एका कारखान्यात ती नोटांवरची चित्रं काढते. तिने हा घोळ आपल्या लेकीला, रुहीला, शाळेतून आणताना गाडीत समजावला होता. रुही तेव्हा आठ वर्षांची.

"हे बघ, तीन रस्ते आहेत. एक म्हणजे शेजाऱ्यांच्याच गाडीतून जायचं. मोठ्या देशाचेच पैसे वापरायचे. गाडी भक्कम, पण ते वळतील तिकडे आपण. दुसरा म्हणजे गाडी आपली, पण दोराने दुसऱ्याच्या गाडीला बांधलेली. नोट आपली, तिचा भाव डॉलरला बांधलेला. दोर तुटू नये म्हणून तिजोरीत डॉलर भरून ठेवायचे. आणि तिसरा, गाडी आपली, ड्राइव्ह पण आपणच करायची."

"अँड इफ द ब्रेक्स फेल, मम्मा?"

"मग आपणच आपटायचं, बाळा."

दुसरा किंवा तिसरा रस्ता धरला तर स्वतःची नोट हवीच. ती कशी दिसेल हे आधी पाहू, म्हणून तालोमाच्या लोकांनी नमुना मागवला. मित्रांनो, तो नमुना म्हणजे मी. उत्तम सुती कागद, अंगावर केसाहून बारीक रेघा. उगाच रद्दीत धरू नका मला!

चेहरा कोणाचा छापायचा यावरून बेटांत भांडणं. या बेटाचा पुढारी घेतला की त्या बेटाला राग. शेवटी निरोप आला की बाई काढा, पण ती कोणीच नको. जिला नाव नाही, गाव नाही, अशी बाई. आसावरीने दहा चेहरे काढले. दहाही परत आले. "या जिवंत वाटत नाहीत," एवढाच शेरा.

अकरावा चेहरा तिने एका दुपारी काढला. पुढ्यात फोटो नव्हता, मनात काही ठरलेलं नव्हतं. पडद्यावर पेन फिरत गेलं आणि डाव्या भुवईवर एक बारीकशी खोक उमटली. मग जाड पापण्या. मग ओठांची, जरा दाबून धरलेली रेघ. आसावरी थांबली तेव्हा तिची आई तिच्याकडे बघत होती.

वसुधाबाईंना, म्हणजे आसावरीच्या आईला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या नागपूरच्या दवाखान्यात पाच दिवस होत्या आणि आसावरी पाचही दिवस इथे फोन धरून बसली होती. तिच्या पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. देश सोडला असता तर नव्या शिक्क्याशिवाय परत येता आलं नसतं, आणि त्यासाठी सहा सहा महिने तारीख मिळत नव्हती. नोकरी गेली असती, रुही इथे अडकली असती. तिने तिकीट काढलं आणि कॅन्सल केलं. आईला शेवटचं बघायचं राहिलं ते राहिलंच.

आसावरीने तो चेहरा जरा बदलला. केस बेटांवरच्या बायकांसारखे केले, कानात शिंपले घातले, आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. पुसलेल्या जागी रेघा भरल्या. तालोमाहून तासाभरात उत्तर आलं की हीच! मग धातूचा ठसा कोरला गेला आणि आम्ही चौघी छापल्या गेलो.

चौघींच्याही कपाळावर, पुसलेल्या कुंकवाच्या जागी, गोल कोरी जागा होती.

आसावरीने पडद्यावर पाहिलं. तिथे रेघा होत्या. ठसा भिंगाखाली धरला. तिथेही होत्या. कागदावर मात्र नव्हत्या. पुन्हा शाई लावून आम्हाला दाबाखालून काढलं, तरी नाही. कारखान्यातला तपासनीस, चांगला हाडापेराचा माणूस, तो जेवायला जाताना आम्हाला पालथं घालून जायला लागला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला की पाठ फिरवली की कोणीतरी माझ्या नावाने हाक मारणार असं वाटतं. आम्ही कोणी हाक मारली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, माझ्यावरचा चेहरा कोणाची तरी वाट बघत होता, हे कागदाला आतून कळत होतं.

आसावरीची झोप उडाली. उद्या तालोमाने तिसरा रस्ता धरला आणि नोटेचा भाव कोसळला तर? कवडीमोल नोटा लोक गटारात फेकतात, झाडूने लोटतात. आईला शेवटचं बघायला गेले नाही, आणि आता तिचं तोंड परक्यांच्या पायाखाली घालू? चेहरा कोणाचा ते खरं सांगावं तर काम खोटं ठरणार, नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की साठ दिवसांत हा देश सोडायचा.

मग ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या दुपारी ओरेनाबाई आल्या. तालोमाच्या पैशांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या मंडळाच्या त्या प्रमुख. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. बैठकीच्या खोलीत त्या आणि आसावरी दोघीच होत्या. बाईंनी मला उचललं. त्यांचा अंगठा कोऱ्या जागेपाशी आला आणि तिथेच थांबला.

"ही माझी बहीण," त्या म्हणाल्या. "वादळात गेली. सापडली नाही."

त्यांनी मला आसावरीपुढे धरलं.

"आणि हा ठिपका? हे तुला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"ज्यांना शेवटचं बघायला घरचं कोणी नव्हतं, त्यांच्या तसबिरीवर आम्ही कपाळाला पांढरा ठिपका लावतो. ते अजून वाट बघतात म्हणून. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं."

खोलीतलं थंड हवेचं मशीन आपोआप बंद पडलं. आसावरी रडायला लागली. नोकरी, व्हिसा, साठ दिवस, सगळं गेलं खड्ड्यात! तिने खरं ते सांगून टाकलं. "ती तुमची बहीण नाही हो. माझी आई आहे. मी गेले नव्हते."

ओरेनाबाई चिडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुली, इकडे यायच्या आधी मी हिचं चित्र आमच्या मंडळातल्या सहा जणांना दाखवलं. सहाही जणांनी सहा वेगळी नावं घेतली. सगळी मेलेल्यांची. एकाने तर चित्र परतच दिलं नाही."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आता मी लाखोंनी छापली जाणार. पण बाई पुढे बोलल्या.

"नोट कशी हवी? हातात आली की पुढे द्यावीशी वाटणारी. पाव घेतला, दिली. हिला कोण देईल? लोक घरी नेतील आणि भिंतीवर लावतील. बाजारात एक नोट उरायची नाही. आपले पैसे की दुसऱ्याचे, ते आम्ही ठरवू. पण ही पैसा नाही होऊ शकत."

झालं. माझं नशीब एका वाक्यात संपलं. बाईंनी कारखान्याला एवढंच कळवलं की आम्हाला चेहरा नको, मासा चालेल. आसावरीची नोकरी राहिली. ठसा वितळवला. माझ्या तिन्ही बहिणींना यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या केल्या. त्या चिंध्यांत तीन गोल तुकडे अख्खे निघाले, कोऱ्या नाण्यांसारखे. ते उचलायला कोणी हात लावीना. नमुन्यावर हक्क गिऱ्हाइकाचा, म्हणून मला बाईंनी सही करून ताब्यात घेतलं आणि आसावरीच्या हातात ठेवलं. "हिला घरी ने," म्हणाल्या.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिल्याच दिवशी आसावरीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. सकाळी ते फ्रेमच्या तळाशी कोरडं पडलेलं होतं आणि जागा पुन्हा पांढरी. तिने तीनदा लावलं. मग सोडून दिलं. रुही आता चौदा वर्षांची आहे. शाळेतून आली की ती माझ्याकडे न बघता म्हणते, "हाय, आजी." मैत्रिणींना सांगते, "डोंट स्टेअर. शी स्टेअर्स बॅक."

तालोमाचं अजून ठरलेलं नाही. मतदान दोनदा पुढे गेलं. आसावरीचा नवा शिक्का मात्र सहा वर्षं पुढे ढकलला गेला, तो तारखांमुळे नाही. तारखा मधे मिळत होत्या. ती घेत नव्हती. आईच्या त्या घरात पाऊल टाकायची तिला भीती वाटत होती. मागच्या आठवड्यात रुहीनेच लॅपटॉप उघडला आणि मराठीत म्हणाली, "मम्मा, बुक कर. मी येते ना." जानेवारीचं तिकीट आहे. मला पर्समध्ये घालून नेणार आहेत. म्हणजे एकदाची मी फिरणार!

मला वाटतं, नागपूरच्या त्या घरात आसावरीने हाक मारली की माझ्या कपाळावर रेघा उमटतील. वाट बघणारी निघून जाईल, आणि मी निव्वळ कागद उरेन, पन्नास किमतीचा, कुठेच न चालणारा. चालेल मला. फार दिवस मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतेय.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. नोटा काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण आपलं माणूस जायला निघालं की त्याला भेटायला जा. शिक्का नसेल, पैसे नसतील, तरी काहीतरी करून जा. तुम्ही गेला नाहीत तर ती येतात. जिथे कोरी जागा मिळेल तिथे येतात. माझ्यावर आली, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.