कडेला न पेरलेली पुडी

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात एक धाकटी पुडी निघायची, ती मी. थोरलं बियाणं बीटीचं. त्याची कपाशी खाल्ली की बोंडअळी मरते. मी साधी, बिगर-बीटी. माझी झाडं रानाच्या कडेनं लावायची आणि अळीला खुशाल खाऊ द्यायची. खाल्लं जाण्यासाठीच जन्म, हे सांगताना जरा लाजच वाटते.

बंकटआप्पांनी मला पाटोद्याच्या बाजारातून आणलं आणि पेरणीच्या दिवशी बाजूला टाकलं. अळीला जेवू घालायला आपलं रान न्हाई, म्हणाले. त्यांची सून शिवकन्या तिथंच उभी होती, अंबाजोगाईला बी.एस्सी. झालेली. तिला ठाऊक होतं की बीटी खाऊनही एखादी अळी जगतेच. तिचं पाखरू झाल्यावर त्याला माझ्या झाडांवरचं साधं पाखरू जोडीला मिळालं, तर त्यांच्या लेकरांना बीटी पचत नाही. मी नसले, तर जगलेल्यांचीच आपसांत जोडी जमते आणि सगळी प्रजा चिवट निपजते. पण नव्या सुनेनं सासऱ्याला रान शिकवायचं कसं? तिनं मला उचलून कोनाड्यात ठेवलं.

पुढं तिची लेक संस्कृती रांगू लागली. बियांना औषध चोळलेलं, म्हणून मी कोनाड्यातून फळीवर गेले. पोर उभी राहिली तशी फळीवरून आढ्याला. मला पेरायचं धाडस तिच्यात नव्हतं, फेकायचंही नव्हतं.

यंदा बोंडं गोळा करायला राजनंदिनी नावाची संशोधक आली. इतक्या वर्षांत कुठल्या शिवारातली अळी बीटी पचवण्याइतकी बदलली, हे ती तपासत होती. कडेला बिगर-बीटी लावायचात का, तिनं विचारलं.

"लावायचो की. चारी बाजूंनी," आप्पा म्हणाले. तिनं 'होय' लिहिलं.

शिवकन्येचा चहा उतू गेला. हे 'होय' तसंच राहिलं, तर कागद म्हणणार, पुडी लावूनही अळी बदलली; म्हणजे पुडी बिनकामाची. तिनं काठीनं मला खाली पाडलं, पदरानं पुसलं आणि कपबशीशेजारी ठेवलं.

"आप्पा, ही फोडलेलीच न्हाई."

"पाव्हण्यांम्होरं काढायची व्हती व्हय?"

"तुमाला बोल लावत न्हाई. मला समदं ठाऊक व्हतं. तरी मीच बोलले न्हाई."

राजनंदिनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळपासून अकरा घरं झाली. 'नाही' म्हणणारं एकही नव्हतं."

तेव्हा आप्पांनीच कागदाकडं बोट केलं. "लिवा. कंदीच लावली न्हाई."

मी आता उगवायची नाही. हल्ली म्हणे आमचं बी थोरल्या बियाण्यातच मिसळून देतात, कुणाच्या मर्जीवर सोडत नाहीत. शहाणपणच ते, पण ऐकून मान खाली जाते. तुमच्या आढ्याला माझी एखादी बहीण खोचलेली असेल, तर तिला खाली काढा. पेरायला नव्हे. कुणी विचारायला आलं, तर समोर ठेवायला.