पैडम्माचा हुंकार

या, सतरंजीवर असे जवळ सरकून बसा. देवाची कथा रोजचीच. आज देवाच्या एका लेकराची सांगतो. मात्र मध्ये हुंकार देऊ नका. नुसतं ऐका.

“ऊं म्हणा की, मॅडम,” अप्पायम्मा म्हणाली. “मघापासून भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय.”

आमच्या विजयनगरमच्या दवाखान्यात समुपदेशनाची एक खोली आहे. तिथे समुपदेशक पैडम्मा तिच्यासमोर बसली होती.

“ऐकतेय मी, तल्ली, माझे बाई. नवऱ्यानं पट्टा काढला, धाकटी पोर दारामागं लपली. इथवर सांगितलंस.”

“शब्दन् शब्द ऐकलात की. मग ऊं म्हणायला काय जातं? कुणी ऊं म्हणणारं नसलं की पुढचं तोंडात येत नाही बाई.”

पैडम्माला तेवढंच जमत नव्हतं.

तिचे वडील हरिदास, गावोगाव हरिकथा सांगणारे. पायात घुंगरू, हातात चिपळ्या. कथेत मगरीने गजेंद्राचा पाय धरला की मंडपातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. दुपारी घरी तालीम चाले, तेव्हा हुंकार द्यायचं काम पैडम्माचं. हात भाजीत, मन भलतीकडे, पण ऊं अचूक जागी. “माझी पैडी झोपेतही ऊं म्हणते,” वडील कौतुकाने सांगत.

एका संक्रांतीला धाकटी बहीण रमणम्मा माहेरी आली. पैडम्मा अरिसेलु, तांदूळ-गुळाच्या वड्या, तळत होती, रमणम्मा शेजारी बसून तळलेल्या वड्यांतलं तेल झाऱ्याने दाबून काढत होती आणि बोलत होती. पैडम्माचा सगळा जीव कढईत. तोंडाने ऊं, ऊं चाललेलं.

“मग जाऊ ना परत, अक्का?”

“ऊं.”

रमणम्मा परत गेली. पुढच्या अमावास्येला सासरच्या विहिरीतून तिला वर काढलं. गजेंद्राची हाक वैकुंठात पोचली हो; चुलीशेजारची हाक सख्ख्या बहिणीला ऐकू आली नाही.

“काय सांगत होती गं ती तुला?” आईने विचारलं.

पैडम्माने खूप आठवून पाहिलं. शेवटचा प्रश्न तेवढा आठवला.

“सुखात आहे म्हणाली, अम्मा.”

हे खोटं पोटात घेऊन तिने शाळेची नोकरी सोडली, विशाखपट्टणमला जाऊन समुपदेशन शिकली. लोक म्हणत, काय सेवाभाव! ती मान खाली घालायची.

इकडे दवाखान्यात अप्पायम्माने डोळे पुसले, पिशवी घेऊन उठली. “बोलले, हलकं वाटलं. मग जाऊ ना परत, मॅडम?”

“नको,” पैडम्मा म्हणाली. आवाज इतका चढला की बाहेरची आया डोकावली. “आज घरी नाही जायचं. पोरीला इथं आणवू. महिलांच्या वसतिगृहात मी येते तुझ्याबरोबर.”

अप्पायम्मा पिशवी खाली ठेवून खुर्चीत परत बसली.

त्यांची सोय लावून पैडम्मा घरी आली. आई अंगणात चिंचा सोलत होती. चपलाही न काढता ती पुढ्यात बसली.

“अम्मा, सुखात आहे असं रमणा म्हणाली नव्हती. काय म्हणाली तेच मला माहीत नाही. मी ऐकलंच नव्हतं.”

म्हातारीचे हात चालूच राहिले.

“मी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “भिंतीपलीकडे पीठ चाळत होते. सगळं ऐकू येत होतं. सणासुदीला जावयाशी वाकडं नको, म्हणून गप्प बसले.”

“मग मला का विचारलंस?”

“वाटलं, तुझ्या कानावर काही वेगळं पडलं असेल. तू सुखात म्हणालीस, तेवढं धरून बसले इतकी वर्षं.”

पैडम्माने तिच्या हातातली चिंच काढून घेतली. “आता सांग. तिनं सांगितलं तसंच सांग.”

आई सांगू लागली. दिवेलागण झाली, पण दिवा लावायला दोघींपैकी कुणी उठलं नाही.

रमणम्मा काय म्हणाली, ते त्या मायलेकींचं. मी ते इथे बोलणार नाही. तुम्ही एवढंच करा. नामस्मरणाला बसाल तेव्हा देवाच्या नावामागोमाग तिचंही नाव एकदा घ्या. रमणम्मा.