दोन मापांची सायकल

"चाकं नाहीत, घंटी नाही, ढकललं तरी जागची हलत नाही, आणि हिला म्हणायचं सायकल!" दुकानात पाऊल टाकल्यापासून नणंदेची टकळी सुरू होती.

"ताई, घरात चालवायची आहे ना ती. घरात कुठे जायचंय?"

"तेच म्हणते मी. कुठेच जायचं नाही तर घाम कशाला गाळायचा? घाम तर माझा स्वयंपाकघरातही गळतो. तोही फुकटात."

ठमीच्या आईला हसू आलं. ठमी आत्याच्या कडेवर बसून तिच्या चष्म्याची काडी ओढत होती. पोर रांगायला लागल्यापासून आईला जगातल्या सगळ्या वस्तू दोनच प्रकारच्या दिसत होत्या. एक, ज्यात बोट अडकतं. दुसरी, ज्यात अडकत नाही. दुसऱ्या प्रकारात फारसं काही उरलं नव्हतं.

म्हणून तर ही वेगळी सायकल. गॅलरीत दोन जुन्या सायकली होत्या, एक तिची, एक नवऱ्याची. मागचं चाक काढून त्यातली एखादी ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर चढवता आली असती, स्वस्तात काम झालं असतं. पण मग ती तेलकट उघडी साखळी आणि दातेरी चकत्या बाहेरच्या खोलीत, बरोबर ठमीच्या नाकासमोर फिरल्या असत्या. नुसत्या विचारानेच तिने स्वतःची बोटं मुठीत घेतली. स्मार्ट बाइकचं तसं नव्हतं. साखळीच्या जागी पट्टा, तोही आत बंद. जड चाकही आतच. समोर पडद्यावर रस्ता दिसणार, त्या रस्त्याला चढ लागला की पेडल आपोआप जड होणार.

ठमी व्हायच्या आधी ती आणि नवरा सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी सायकली काढून भटकायचे. तो लंबूटांग. चढावर पुढे निघून जायचा आणि माथ्यावर पाय टेकून ओरडायचा, "अगं ये, मला इथे म्हातारपण आलं!" उतारावर मात्र ती पुढे. तिथे तो ब्रेकवर बोटं ठेवून जपून यायचा, आणि खाली पोचल्यावर म्हातारपणाची परतफेड व्हायची.

मग ठमी झाली. ठमी बसायला लागायच्या आतच त्याला दूरच्या देशात पुलाच्या कामावर जावं लागलं. वर्षाचं काम, पूल झाला की आलोच, असं म्हणून तो गेला. जाण्याआधी दोघांनी ठरवलं होतं की आता जोडीने बाहेर पडणं काही जमायचं नाही, तेव्हा घरातच एक सायकल घ्यायची. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ठमीला सांभाळायचं, मग अदलाबदल. तो यायच्या आत सायकल निवडून, आणून, बसवून ठेवायची, हे काम तिच्याकडे लागलं होतं. पूल आता पुरा होत आला होता. सायकल घरात आली म्हणजे मागोमाग तोही आलाच, असं तिच्या मनाने तिला न विचारताच धरून ठेवलं होतं.

"किती जणं वापरणार, मॅडम?" सायकलवाल्याने विचारलं. माणूस गोलमटोल, बोलघेवडा. स्वतः सायकलवर कधी बसला असेल असं वाटत नव्हतं.

"दोघं," ती म्हणाली. हा शब्द मोठ्याने म्हणायला तिला बरं वाटलं.

"मग ही काळी घ्या. ही कळ सोडली की सीट वर-खाली, ही सोडली की हँडल पुढे-मागे. साहेब उतरले, तुम्ही बसलात. पाण्याचा घोट घेईपर्यंत तयार."

"आणि ती करडी?" नणंदेने विचारलं.

"ती एकट्या माणसाची. पान्ह्याने एकदा आवळली की आवळली. रोज माप बदलायचं म्हटलं तर व्यायाम पान्ह्याचाच होईल."

"मग ठेवलीत कशाला?"

"तिचा आवाज नाही हो, ताई. शेजारी कटकटे असले की लोक तीच नेतात."

ती काळ्या सायकलीवर बसली. सायकलवाल्याने कळ सोडून सीट खाली घेतली. पडद्यावर एक वळणावळणाचा रस्ता उमटला, आणि पहिला चढ लागताच मांड्यांना ती जुनी, ओळखीची कळ जाणवली. कितीतरी महिन्यांनी तिचं अंग फक्त तिचं झालं. पण चढ वाढला तशी यंत्राची घरघरही वाढली. शेजारच्या घरात मिक्सर लागावा तशी.

तिने पाय थांबवले. "एक विचारू? तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्याल?"

"जातो की. पण कशाला?"

"रडायला."

सायकलवाला बघतच राहिला.

"लहान मूल रडतं तसं. मला ऐकू येतंय का ते बघायचंय."

"रडा हो," नणंद म्हणाली. "इथे तुमची बायको नाही. मनसोक्त रडा."

तो मान हलवत गोदामात गेला. दार लागलं. तिने जोर लावला. घरघर, पंख्याचा वारा, स्वतःचा श्वास. बाकी काही नाही. जरा वेळाने दार उघडलं आणि लालबुंद सायकलवाला बाहेर आला.

"सुरू करा ना," ती म्हणाली.

"सुरू करा? घसा बसला माझा रडून रडून!"

तिघंही हसली. हसणारी माणसं बघून ठमीही हसली, कारण काही असो. मुलाचं रडणं ऐकू येत नाही म्हटल्यावर एरवी आईने ही सायकल तिथेच सोडली असती, पण आज नाही सोडली. "चालेल," ती म्हणाली. "एक सायकलवर असेल तेव्हा दुसरा ठमीजवळ असणारच. हीच बांधा."

"साहेबांच्या पायाचं माप तेवढं सांगा. उंच असतील तर सीट तितकी वर जाते का बघून घेतो."

"आता त्याचं माप कशाला?" नणंद म्हणाली. "तुझ्या मापाची घे की."

म्हणाली, आणि ठमीचं नाक पुसू लागली. ठमीचं नाक स्वच्छ होतं.

ठमीची आई घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे रिपोर्ट ऐकायची आणि टाइप करायची. दिवसभर कानात अनोळखी डॉक्टरांचे आवाज. ते भराभर बोलत जातात, यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, आणि मग मध्येच एक छोटीशी जागा रिकामी सोडतात. घसा साफ करत नाहीत, कागद उलटत नाहीत, नुसतेच थांबतात. पुढचा शब्द काय येणार हे तिला तेव्हाच कळतं. कधी कधी बोटं आधीच त्या अक्षरावर जाऊन बसलेली असतात.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, दुकानात आहे. तुझ्या पायाचं माप सांग, जांघेपासून टाचेपर्यंत."

"कशाला गं?"

"कशाला काय? सायकलीला. काळी घेतेय. तू उतरलास की मी."

मागे कुठेतरी लोखंडावर ठोकल्याचा आवाज येत होता, तो दूर गेला. बहुधा तो बाजूला जाऊन उभा राहिला असावा. मग ती रिकामी जागा आली.

"आत्ता तू तुझ्यापुरती बघ ना," तो म्हणाला. "तुला बरी वाटेल ती घे."

तिने सायकलीच्या हँडलवर हात ठेवला. "दुसरा पूल?"

"ताईने सांगितलं?"

"नाही. तूच सांगतोयस."

"मोठं काम आहे गं. दोन वर्षं. अशी संधी पुन्हा नसती आली. मी सांगणारच होतो, पण फोनवर नको म्हटलं."

"मग कशावर सांगणार होतास?"

मागचं ठोकणं पुन्हा जवळ आलं.

"हो म्हणून बसलास ना?"

"हो." मग घाईघाईने, "सुट्टी मिळेल मध्ये. ठमी आहे का तिथे? दे ना जरा."

तिने फोन ठमीच्या कानाला लावला. बाप काहीतरी लाडात बोलत राहिला आणि ठमी फोनचा कोपरा चाखत राहिली.

"तो म्हणाला, मी सांगतो," नणंद हळू आवाजात म्हणाली. टकळी कुठल्या कुठे गेली होती. "माझाच भाऊ. मी मध्ये कशी बोलू? गेले चार दिवस घास उतरत नव्हता मला."

"तुमची काय चूक, ताई."

"मी येत जाईन गं अधूनमधून."

"या ना." नणंदेचं घर दोन बस बदलून होतं, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते. दोघींनाही ते माहीत होतं.

सायकलवाल्याने काळ्या सायकलीवर टाकायला प्लॅस्टिकचं आवरण आणलं होतं. ते हातात धरून तो उभा होता.

"ती करडी बघू," ती म्हणाली.

"पण मॅडम, दोघं म्हणालात ना?"

"एकटीच."

त्याने पान्हा आणला, तिच्या कमरेच्या उंचीला सीट लावली, तात्पुरती आवळली. ती बसली. पडद्यावर तोच वळणांचा रस्ता, तोच चढ.

"पुन्हा एकदा रडाल?"

या वेळी त्याने विनोद केला नाही. गुपचूप आत गेला आणि दार ओढून घेतलं. चढ लागला, पेडल जड झालं, तिने अंगातला सगळा जोर पायात घातला. करडी सायकल गप्प होती. आणि बंद दारापलीकडून रडणं आलं. आधी बारीक कुरकुर, मग सूर लावलेला, मधूनच हुंदका. चांगलाच सराव झाला होता माणसाला. तिला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की स्वल्पविरामांसकट टाइप करता आलं असतं.

ठमीने आत्याचा चष्मा सोडला आणि बंद दाराकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ पुढे आला.

"अगं, पुरे झालं ना, सांग त्याला," नणंद म्हणाली.

"थोडा वेळ, ताई."

ती पेडल मारत राहिली. आत तो रडत राहिला. माथा आला तेव्हा ती उतरली, गोदामाचं दार स्वतः उघडलं आणि म्हणाली, "हीच द्या. आणि सीट आता पक्की आवळा."

सायकल घरी आली, खिडकीजवळ ठरलेल्या जागी बसली. सायकल चालवणाऱ्याकडे बघत ठमीला घेऊन बसता यावं म्हणून समोर एक खुर्ची ठेवायची, असं कधीचं ठरलं होतं. तिने ती खुर्ची तिथे ठेवली, आणि मग तिच्यावर टॉवेल टाकला.

पहिल्या दुपारी ठमी झोपल्यावर ती सायकलवर बसली. चढ लागला. दुकानात एवढी शांतता कळली नव्हती. इथे सगळंच ऐकू येत होतं. फ्रिज मध्येच चालू झाला आणि बंद झाला. मोरीतल्या नळाचा थेंब. भिंतीपलीकडे कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारली, आणि ते कुणीतरी गेलंही. आतल्या खोलीत ठमीने कूस बदलली.

फोन थरथरला. तिने तो उचलून हँडलवर ठेवला, पाय थांबवले नाहीत.

"बसवली का?" नवरा म्हणाला.

"तिच्यावरच आहे."

"खरंच? आवाजच येत नाही."

"हिचा येत नाही."

"मग चांगली निवडलीस."

"हो," ती म्हणाली. "सगळं ऐकू येतं."

पलीकडे लोखंडावर ठोकणं चालू होतं. तो थोडा वेळ तिचा श्वास ऐकत असावा. "कुठवर आलीस?" त्याने विचारलं.

"माथ्यावर पोचतेय."

म्हातारपणाचं ते नेहमीचं वाक्य त्याच्या ओठावर आलं असेल. आलं असेल तर त्याने ते तिथेच ठेवलं. माथा आला, पेडल हलकं झालं, पडद्यावरचा रस्ता खाली उतरू लागला. उतार तिचाच होता.

आतून एक बारीक "अं" आला.

"ठेवते," ती म्हणाली, आणि ठमीचा दुसरा "अं" यायच्या आत दारात होती.