थर्ड शिफ्टची बालवाडी

पुण्याच्या प्रशिक्षणात सगळं कसं सोपं वाटलं होतं हो! शिकवणाऱ्या यशोदाबाई म्हणायच्या, "मुलांकडून गाणी घोकून घेऊ नका. डबे द्या, चिंचोके भरलेली खोकी द्या. वाजवू दे त्यांना, मनाला येईल ते गाऊ दे." वासंतीनं मान डोलावली, डालड्याचे रिकामे डबे जमवले आणि चिंचवडला परतली. यशोदाबाईंनी काम बघून सही केली की बालवाडीवर ती कायम होणार होती.

पण बालवाडी भरायची कुठे? तिच्याच घरात, पुढच्या खोलीत. आणि पत्र्याच्या पार्टिशनमागे तिचा नवरा मुकुंद, रात्रभर कारखान्यात थर्ड शिफ्ट करून झोपलेला.

पहिल्याच दिवशी डबे वाजले तसा तो तारवटलेल्या डोळ्यांनी बाहेर आला. ओरडला असता तर परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तो नुसता म्हणाला, "अगं, झोप झाली नाही की मशीनवर डुलकी लागते. परवा बोटं जाता जाता वाचली."

आता बोला! दुसरी खोली कोण देणार? चाळीत दर दाराआड कुणी ना कुणी शिफ्टचं झोपलेलंच. वासंतीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मुलांना शिकवलं, हळू. अजून हळू.

मग एके सकाळी यशोदाबाई काम बघायला आल्या. डबे मांडताना वासंतीची धांदल उडाली. मुलं मात्र शहाण्यासारखी गोल बसली, डबे पुढ्यात ओढले आणि जोरात हात खाली आणले. आवाजच नाही! हात डब्यापाशी येऊन थांबत होते. तोंडं उघडत होती, माना डोलत होत्या, गाणं चांगलं रंगात आलं होतं, आणि ऐकू येत होतं फक्त पार्टिशनमागचं घोरणं. कार्टी त्याच्यावरच ठेका धरून बसली होती.

"हे काय?" यशोदाबाई गोंधळल्या. "अशानं मी सही कशी करू, वासंतीबाई? जरा मोठ्यानं होऊ दे. आधी तुम्हीच वाजवून दाखवा बघू."

वासंतीला रडूच फुटायचं बाकी होतं. पोरांना असं मुकं तिनंच केलं होतं. होऊ दे काय व्हायचं ते, असं म्हणून तिनं डबा ओढला, हात उगारला आणि दातओठ खाऊन खाली आणला.

डब्याच्या बोटभर वर तो आपोआप थांबला.

समोरची चिमुरडी कस्तुरा हरखली. पुढे सरकून कुजबुजली, "बाई, मलापण अस्संच येतं!"