बॉनेटचे चार चुंबक

कारखान्यात आबांना सगळे मायक्रोमीटर म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण आबांना ते ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर ते नाव त्यांना आवडतही असे. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी आराखडा विभागात नोकरी केली. नंतर हातांना काही काम हवे म्हणून त्यांनी मोटारींच्या प्रतिकृती करायला घेतल्या. विकत मिळणारे सुटे भाग त्यांना चालत नसत. गाडी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू स्वतःच्या हातची: टेलिफोनच्या जुन्या वायरीतून सोडवलेल्या तांब्याच्या एकेका धाग्याच्या इंजिनातल्या तारा, गोळ्यांच्या पाकिटावरच्या चंदेरी कागदाचे आरसे, मेणबत्तीवर तापवून ताणलेल्या प्लास्टिकच्या दिव्यांच्या काचा. सीटच्या पट्ट्याला बक्कल होते आणि त्या बक्कलाला जीभही होती.

"आबा, एवढं सगळं केलंत, आता पेट्रोल कधी भरताय?" सून विचारी.

"आधी लायसन्स येऊ दे," आबा म्हणत.

सून शाळेत गणित शिकवी. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरातले तिसरे माणूस म्हणजे पावणेदोन वर्षांची नात. जमिनीवर पडलेले काहीही उचलायचे आणि तोंडाकडे न्यायचे, या सवयीमुळे तिचे नाव मुंगी पडले होते. साडेअकरा ते चार ती आबांच्या ताब्यात असे.

दोन महिन्यांपूर्वी मुंगीच्या मुठीत ब्लेडचे तुटलेले टोक सापडले होते. कापले काही नव्हते, पण सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आवाज चढवला नाही. "आबा, मुंगी जागी असताना तुमच्या खोलीचं दार बंद राहील. पुन्हा असं काही झालं तर मी तिला पाळणाघरात घालीन. मग मला बोल लावू नका."

आबांनी मान डोलावली. ते साडेचार तास गेले तर उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हे त्यांना सुचणारे नव्हते.

त्या दिवशी काम बॉनेटचे होते. बॉनेट उघडावे, बंद करताच जागच्या जागी बसावे, आणि कुठेही बिजागरी दिसू नये, असा आबांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी चार चुंबक मागवले होते. व्यास तीन मिलिमीटर, जाडी एक. दोन बॉनेटच्या आतून चिकटवायचे, दोन खाली चौकटीत. दिसायला मसुराच्या डाळीएवढे, पण ताकद अशी की अंगठा आणि तर्जनी यांमधल्या कातडीच्या दोन बाजूंना एकेक ठेवला तर ती चिमटीत धरून बसत. आबांनी ते स्वतःवर करून पाहिले होते. कातडीवर पांढरा ठिपका उमटला होता आणि तो बराच वेळ गेला नव्हता.

साडेबाराला मुंगी झोपली. आबांनी दोन नळ्यांतला गोंद कालवला. हा गोंद कालवल्यापासून पाच मिनिटांत दगड होतो. बॉनेटचे दोन चुंबक त्यांनी जागेवर बसवले आणि उरलेले दोन टेबलावरून हलवले. जवळ ठेवले असते तर ते उडी मारून पहिल्या दोघांना जाऊन चिकटले असते आणि सगळे काम बिघडले असते. म्हणून ज्या पांढऱ्या बशीत ते होते, ती बशी त्यांनी हातभर लांब, बाजूच्या तिपाईवर ठेवली. तिपाईची उंची मुंगीच्या छातीइतकी होती.

तेवढ्यात मुंगी उठली आणि रडू लागली.

गोंद तो केवढा, नखभर. फेकून दिला असता तर काहीच बिघडणार नव्हते. पण आबांनी मुंगीला उचलून खोलीत आणले, रिकामा डबा आणि चमचा देऊन खाली बसवले, आणि तिच्याकडे पाठ करून चिमट्याने बॉनेटवरचे चुंबक दाबून धरले. डबा वाजत होता तोवर सगळे ठीक होते. मग तो वाजायचा थांबला. आबांनी मान वळवली नाही. अजून दीड मिनिट धरायचे होते.

त्यांनी वळून पाहिले तेव्हा बशी रिकामी होती. मुंगी तिपाईला धरून उभी होती आणि जीभ टाळ्याला लावून काहीतरी चाखत होती.

आबांनी चिमटा टाकला. त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून पाहिले. काही नव्हते. मुठी उघडल्या, फ्रॉक झटकला, मग तिला कडेवर घेऊनच गुडघ्यांवर बसून पोलादी पट्टी फरशीवरून फिरवली. कपाटाखालून, तिपाईखालून, टेबलाच्या चारही पायांभोवती. पट्टीला दोन टाचण्या आणि एक जुना स्क्रू चिकटला. चुंबक चिकटला नाही. मुंगीला हा खेळ वाटला आणि ती खदखदून हसली.

मग त्यांना होकायंत्र आठवले. सर्वेक्षणाच्या तासाला वापरलेले, पितळी डबीचे, पन्नास वर्षांपूर्वीचे. गाडी, कपाट, खिडकीचे गज, या सगळ्यांपासून लांब म्हणून ते मुंगीला घेऊन बैठकीच्या मधोमध सतरंजीवर बसले. होकायंत्र हातावर सपाट धरले. काटा हलला, डोलला, स्थिर झाला. आबांनी ते हळूच मुंगीच्या पोटाजवळ नेले.

काटा वळला.

मागे घेतले, तो परत आपल्या जागी गेला. पुन्हा पुढे नेले. तो पुन्हा वळला आणि आबांच्या नातीच्या पोटाकडे टोक करून उभा राहिला.

सुनेला फोन लावताना त्यांना आकडे दिसत नव्हते. वर्गातून तिला बोलावून आणायला मिनिटभर लागले. त्या मिनिटात आबांनी काय सांगायचे ते तीनदा मनात जुळवले होते, पण तिचा आवाज ऐकताच सगळे विस्कटले.

"मुंगीनं... एक छोटासा चुंबक गिळलाय बहुतेक. गाडीचा."

पलीकडून प्रश्न आला, "किती?"

"एक."

"एकच?"

"एकच," आबा म्हणाले. दुसरा कपाटामागच्या फटीत गेला असेल, तिथे पट्टी पोहोचली नाही, असे त्यांनी स्वतःला सांगितले. एक म्हणजे चूक, दोन म्हणजे गुन्हा, असे काहीसे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात होते.

"तिला घेऊन तडक हॉस्पिटलला या. मी निघतेय. काही खायला देऊ नका."

टॅक्सीत मुंगी खिडकीला नाक लावून प्रत्येक गाडीला टाटा करत होती. आबा तिच्या पोटावर तळवा ठेवून बसले होते. आत दोन तुकडे एकमेकांना शोधत असतील का, मध्ये काय सापडेल, किती पातळ असेल, हा हिशोब डोके थांबू देत नव्हते. अंगठ्याजवळचा तो पांढरा ठिपका त्यांना सारखा आठवत होता.

सून दारातच उभी होती. तिने मुंगीला ओढून घेतले आणि आबांकडे पाहिलेही नाही.

एक्स-रेवाला गृहस्थ गोलमटोल आणि बोलका होता. "या मुंगीबाई. साखर समजून खाल्लंत होय? आता फोटो काढू, हसायचं नाही." त्याने तिला पाठीवर निजवले, सुनेने हात धरले, आबा काचेमागे उभे राहिले. पडद्यावर बारीक फासळ्यांची जाळी उमटली आणि त्यांच्याखाली, डावीकडे, एक पांढराशुभ्र ठिपका. अगदी गोल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केसांत पेन खोचलेले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "हा बघा. जठरात आहे. तुम्ही एकच म्हणालात ना? एकच दिसतोय. एकटा असला तर मुकाट्यानं आपल्या वाटेनं निघून जातो. दोन असते तर मी तुम्हाला घरी सोडलंच नसतं. आतड्याच्या दोन पदरांना पकडतात, मधला भाग मरतो, भोक पडतं. आणि मूल दोन दिवस हसत-खेळत असतं, कळतच नाही."

सुनेने श्वास सोडला तो सगळ्या खोलीला ऐकू आला. तिने मुंगीच्या केसांत तोंड खुपसले. मग पहिल्यांदाच आबांकडे वळून त्यांच्या दंडाला हात लावला. "आबा, बसा जरा. तुमच्याच तोंडचं पाणी पळालंय. होतं असं कधी कधी."

आबा बसले नाहीत. ते पडद्याकडे पाहत होते.

तंत्रनिकेतनातल्या पहिल्याच तासाला मास्तरांनी एका हातात नाणे आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरली होती, टोक वर्गाकडे करून. समोरून दोन्ही गोलच. समोरच्या दृश्यात जाडी दिसत नसते, ते म्हणाले होते. जो फक्त समोरचे दृश्य पाहून माल कापायला घेतो त्याला मी नापास करतो. आबांनी पुढची चाळीस वर्षे एकही वस्तू बाजूचे दृश्य पाहिल्याशिवाय मंजूर केली नव्हती. हा ठिपका एका चुंबकाचा असू शकत होता. एकावर एक बसलेल्या दोन चुंबकांचाही असू शकत होता.

दंडावरचा हात अजून तसाच होता. गप्प राहिले तर ते घरी जाणार होते, आणि उद्या साडेअकराला मुंगी पुन्हा त्यांच्या कडेवर येणार होती.

"बाजूनं एक फोटो घ्या," आबा म्हणाले.

"आजोबा, स्वच्छ दिसतंय की," एक्स-रेवाला म्हणाला. "लहान जीव आहे, उगाच आणखी किरण कशाला? आमच्यावर भरवसा ठेवा थोडा."

"समोरून जाडी दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी केसांतले पेन काढले. "दोन असण्याची शक्यता आहे का?"

"आबा," सून म्हणाली, "एकच ना? तुम्ही म्हणालात एकच."

"दोन," आबा म्हणाले. "बशीत दोन होते. दोन्ही नाहीत. मी फोनवर खोटं बोललो."

दंडावरचा हात निघाला.

मुंगीला कुशीवर निजवले. यावेळी कुणी विनोद केला नाही. पडद्यावर ठिपका नव्हता, दोन उभ्या आखूड रेघा होत्या, शेजारी शेजारी, समांतर. मध्ये केसाएवढी काळी फट.

आबांना फटीचा अर्थ कुणी सांगण्याची गरज नव्हती. असे दोन चुंबक मोकळे असते तर त्यांच्यात फट राहिली नसती.

"मध्ये काहीतरी धरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम भरभर झाला. "जठराच्या अस्तराची घडी असेल. अजून खाली उतरले नाहीत हे नशीब. भूल देऊन तोंडातून नळी घालून काढू. आत्ताच. आई कोण? सही करा इथे."

सुनेने सही केली. अक्षर तिचे नव्हते.

पुढचा दीड तास ती बाकाच्या एका टोकाला बसली होती आणि आबा दुसऱ्या टोकाला. समोरच्या दारावरचा लाल दिवा जळत होता. एकदा आतून काहीतरी धातूचे पडल्याचा आवाज आला आणि दोघेही एकदम उठून उभे राहिले. कुणी बाहेर आले नाही. दोघे पुन्हा बसले.

"घरी आल्यावर सांगणार होतात?" सुनेने दाराकडे पाहतच विचारले.

आबांनी उत्तराचा प्रामाणिक प्रयत्न केला. "माहीत नाही," ते म्हणाले.

दिवा विझला. डॉक्टरीणबाई हातात स्टीलची छोटी वाटी घेऊन आल्या. त्यांनी वाटी उलटी केली तरी आतले दोन चुंबक खाली पडले नाहीत. "अस्तरावर लाल डाग पडलाय, भरून येईल. उद्या सकाळपर्यंत इथेच ठेवू." मग आबांकडे पाहून, "बरं झालं बोललात."

सुनेने त्यांच्या हातातली वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी घरी आली. सुनेने शाळेतून रजा घेतली होती. आबांनी तिच्यासमोर टेबलावरचे सगळे डब्यात भरले. अर्धवट गाडी बॉनेटसकट आत गेली, वाटीतले दोन चुंबकही गेले. सुनेने चार मोजले, डब्याला दोरी बांधली आणि तो माळ्यावर टाकला.

"सोमवारपासून पाळणाघर," ती म्हणाली.

"हो."

"चारला आणायला तुम्ही जा. रस्त्यात कुठं थांबू नका."

आबांनी मान हलवली.

मग ती म्हणाली, "ते होकायंत्र कुठंय?"

ती मुंगीला घेऊन सतरंजीवर बसली. डबी हातावर धरून तिने ती मुंगीच्या पोटाजवळ नेली. काटा थरथरला, इकडे वळला, तिकडे वळला, थांबेना. "आबा, हे हलतंय. अजून आहे का आत काही?"

"हात हलतोय तुझा."

"तुम्ही धरा मग."

आबांनी धरले. काटा तसाच थरथरत राहिला. शेवटी त्यांनी होकायंत्र सतरंजीवर ठेवले आणि सुनेने मुंगीला त्याच्या अगदी शेजारी, पोट लागेल असे, पालथे निजवले. दोघे ओणवून पाहू लागले. काटा डोलला, पुन्हा डोलला, आणि हळूहळू आपल्या नेहमीच्या दिशेला जाऊन निश्चल झाला.

दोघेही तसेच ओणवलेले राहिले. मुंगीने त्या चकाकत्या डबीकडे पाहिले, हात पुढे केला आणि ती तोंडाकडे नेली. तिच्या मनगटावर दोन हात एकाच वेळी पडले.