सवलतीचं इंटरनेट

ग्रंथपालबाईंना आम्ही सगळे ‘शूऽबाई’ म्हणायचो. पान जरा जोरात उलटलं तरी शूऽ! अख्ख्या वाचनालयात त्यांना कधीही गप्प करावं न लागलेलं एकच माणूस होतं, माझी ताई. दर शनिवारी ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसायची आणि दूरच्या शहरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत राहणाऱ्या लेकीशी तासभर बोलायची. बोलायची म्हणजे हातांनी.

त्या खुणा घरच्याच. नाकाला चिमटा म्हणजे मावशी, म्हणजे मी. का, ते विचारू नका. कानशिलावर दोन बोटं म्हणजे शाळा. वसतिगृहात पोर वेगळी भाषा शिकत होती, पण शनिवारी आईसाठी घरच्या खुणांवर यायची. ताईला लिहिता-वाचता येत नाही आणि आम्हा दोघींकडे फोन साधेच. मायलेकींना तो तास सोडला तर दुसरा मार्ग नव्हता.

मग शाळा आणि वाचनालयांना स्वस्तात इंटरनेट द्यायची योजना आली. शूऽबाईंनी तिच्यासाठी चपला झिजवल्या, हे कबूल करायलाच हवं. नवी केबल आली आणि चित्र इतकं स्वच्छ दिसलं की पोरीच्या बोटांवरची शाईसुद्धा कळली. आधी तिचे हात मध्येच अडकायचे आणि ताई अंदाजानं अर्थ लावायची. त्या दिवशी ताई घरी आली ती तरंगतच.

पुढच्या शनिवारी पडद्यावर पाटी होती: ही सेवा बंद आहे.

“योजनेचा फिल्टर आहे,” शूऽबाई म्हणाल्या. “मुलांनी भलतंसलतं बघू नये म्हणून बसवावाच लागतो. मी बसवणाऱ्याला म्हटलं, व्हिडिओ-बिडिओ सगळंच बंद करा. नसती आफत नको.”

“अहो बाई, ही काय भलतंसलतं बघते? लेकीला बघते!”

“मला का कळत नाही? पण सवलत गेली तर हे बिल वाचनालयाला झेपणार आहे का? सगळ्यांचंच बंद पडेल.”

“निदान वर विचारा तरी.”

“विचारायचं आणि चौकशी मागे लावून घ्यायची?”

मी तावातावानं भांडले. शेवटी ताईच माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. वसतिगृहात फोन करून मी निरोप ठेवला. “सांगतो,” कुणीतरी म्हणालं. पुढेही प्रत्येक फोनला तेच उत्तर. ताई मात्र दर शनिवारी पाटी गेली का ते बघून यायची.

अख्खी सहामाही अशी गेली. मग योजनेचे अधिकारी तपासणीला आल्याचं कळलं, तशी मी हातातलं शिवण टाकून वाचनालय गाठलं. शूऽबाई डोळे वटारत होत्या, तरी त्या पाटीचं विचारलंच.

साहेब चकितच झाले. “मोठ्या माणसानं मागितलं तर फिल्टर काढून द्यायचा असतो. नियमातच आहे ते. बाई, तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?”

शूऽबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मी चार शब्द सुनावणार होते, पण तेवढ्यात त्या अर्जासाठी कागद शोधू लागल्या.

शनिवारी पोर पडद्यावर आली. उंच झाली होती. तिचे हात भराभर चालू लागले, अगदी सफाईदार, शाळेच्या भाषेत. ताईनं कानशिलावर दोन बोटं टेकवली. पोरीनं ती पाहिली, जरा अडखळली, एक जुनी खूण केली आणि पुन्हा नव्यांकडे वळली. ताई हसून मान डोलावत राहिली. तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पोरीच्याही ते लक्षात आलं. ती थांबली, खाली वाकली आणि टाइप करू लागली. पोर लिहायला शिकली! क्षणभर मला इतका आनंद झाला की आधी मी वाचलंच नाही.

“काय म्हणते?” ताईनं विचारलं.

मावशी, आईला विचार, माझं काय चुकलं होतं?

आमचा एकही निरोप तिला मिळाला नव्हता. मी ते वाचून दाखवलं.

“तूच लिही तिला,” ताई म्हणाली. तिचे हात मांडीवरून उठलेच नाहीत.