दुसरं बटण

आमच्या पिंपळे गुरवच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा गणपतीत जिवंत देखावा करायचं ठरवलं आणि त्याचं लिखाण माझ्याकडे आलं. मी चिंचवडच्या एका वाचनालयात नोकरी केली. कधी कुणाला शिकवलं नाही, तरी गल्लीत मला मास्तरच म्हणतात. मंडळाचे अध्यक्ष मारुतराव मूळचे इथल्याच गावातले. मी टाळाटाळ करू लागलो तेव्हा ते म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचली मास्तर, ती काय नुसती झोप यावी म्हणून व्हय? लिवा कामगारांवर. निम्मी गल्ली चाकणला कामाला जाती."

विषय सुचवला वर्षालीने. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते. नवरा नवनाथ आणि सासू दुर्गाबाई. मंडळी बीडकडची. वर्षालीच्या थोरल्या भावाची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली गेली होती आणि नवनाथही चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात प्रेसवरच आहे. लग्नाआधी तिने त्याला एवढंच विचारलं होतं, हात मशीनखाली जात नाही ना? नवनाथने शपथ घेऊन सांगितलं होतं, "आमच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. मग आत जाणार कुठला हात?" या बोलण्याच्या भरवशावर ती रोज निर्धास्तपणे डबा भरून देत होती.

तेच वाक्य मी देखाव्यात घेतलं. फक्त माझ्या सवयीने बिघडवलं. 'सुज्ञ कामगाराचे उभय हस्त सदैव बटणांवरच स्थिरावलेले असतात.' जिवंत देखाव्यात नटांना बोलायचं नसतं. आवाज आधी रेकॉर्ड करून घेतात आणि त्यावर नट हावभाव करतात. सुज्ञ कामगार म्हणून नवनाथला घेतलं. त्याच्याच कारखान्यातला गणराज मागे उभा राहून पुठ्ठ्याची प्रेस खाली-वर करणार होता.

तालमीत नवनाथ फार अवघडायचा. दोन्ही हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा. मला नाटकातलं काही कळत नाही, तरी न राहवून मी म्हणालो, "नवनाथ, अभिनय करू नकोस. रोज करतोस तसंच कर."

पहिल्या दिवशी संध्याकाळी गल्ली भरून माणसं जमली, निम्म्यांचे मोबाइल व्हिडिओ काढायला वर. वर्षाली आणि दुर्गाबाई अगदी पुढे बसल्या होत्या. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग यंत्राचा खडखडाट वाढत गेला, तसा नवनाथ आम्हाला विसरला. त्याचे खांदे सैल झाले. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने आत पत्रा. बटण, पत्रा, बटण, पत्रा. हात नुसते सरसर चालत होते आणि वर स्पीकर गंभीर आवाजात सांगत होता, "सुज्ञ कामगाराचे उभय हस्त..."

"भावा, एका बटणाला टेप मारलीय का?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

प्रेसवर काम करणारे सगळे खो-खो हसले. त्याच क्षणी गणराजची पुठ्ठ्याची प्रेस थप्पकन नवनाथच्या डाव्या हातावर आली. नवनाथने हात ओढून घेतला आणि त्या हाताकडेच बघत राहिला.

देखावा बुडाला, आणि माझ्यामुळे बुडाला, हे मला तेव्हाच कळलं. मी पडद्यामागे सरकलो. तिथून मला वर्षाली उठलेली दिसली.

"बंद करा रं ते!" मारुतराव स्पीकरवाल्यावर खेकसले.

"अहो," वर्षाली म्हणाली, "दुसरं बटण कोण दाबतंय?"

नवनाथने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"वहिनी, सगळेच एक बटण टेप लावून दाबून ठेवतात," गणराज मध्ये पडला. "एक हात मोकळा राहिल्याशिवाय दिवसाच्या नगांचा काउंट निघत नाही."

"तुम्हाला नाही विचारलं, भाऊजी." ती नवनाथकडेच बघत होती. "शपथ कशाची घेतली होती? मशीनची का टेपची?"

दुर्गाबाईंनी लेकाला खाली बोलावलं. "नवनाथा, हात दाव." आणि सगळ्यांसमोर त्याची बोटं एकेक करून चाचपली. आता कोणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवनाथ पहिल्या शिफ्टला गेला. दुपारी वर्षाली माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"टेप काढतो म्हणालेत, काका. काढू देतील का?"

"कामावरूनच काढलं तर?" मी विचारलं आणि विचारल्यावर जीभ चावली.

"काढलं तर बघू. काम दुसऱ्या कंपनीत मिळेल. बोटं मिळतील का?"

मी पुस्तकाची पानं उलटत राहिलो. एक अक्षर वाचलं नाही. मी त्याला 'रोज करतोस तसंच कर' म्हणालो नसतो तर तिला हे कळलंही नसतं. ते बरं झालं की वाईट, हे मला ठरवता येईना.

शिफ्ट सुटायची वेळ टळून गेली. वर्षाली दोनदा खाली जाऊन आली. शेवटी गणराजची गाडी वाजली आणि जिन्यातूनच नवनाथचा आवाज आला, "निघाली टेप! सगळ्यांची!"

वर्षाली जिन्याच्या तोंडाशी धावली.

"शेठ लई बडबडला," नवनाथ सांगू लागला, "पण सगळ्यांनीच आपापल्या मशीनवरची काढल्यावर घरी पाठवणार कुणाकुणाला?"

"आणि तुमचा सुपरवायझर?" मी विचारलं.

"तो कशाला बोलतोय!" गणराज हसत म्हणाला. "वहिनींचा व्हिडिओ रात्रीच त्याच्या घरी पोचला. बायकोनं सकाळी चहा ठेवायच्या आधी विचारलं, तुमच्याकडं पण टेप लावतात का हो?"

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, बहुतेक मोठ्याने, कारण सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात मारुतराव आले. "मास्तर, नवनाथची चूक तशीच ठिवायची. रोज वर्षालीनं खालून विचारायचं. आन तुमचं ते उभय का काय हाय, ते तेवढं काढा."

मी काढलं. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

त्या संध्याकाळी पुठ्ठ्याची प्रेस खाली आली, वर्षालीने गर्दीतून प्रश्न विचारला आणि पुढे बसलेल्या बायका वळून मागे उभ्या असलेल्या आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. दोघा-तिघांनी हात खिशात घातले.

परतताना वर्षालीने जिन्यात मला गाठलं. "काका, उभय म्हणजे दोन्हीच ना?"

"हो."

"मग दोन्हीच म्हणायचं की!" असं म्हणून ती नवनाथच्या मागे हसत वर गेली.